ओल्या पट्ट्याचा दर

४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. "आम्ही सर्व इकडे खुशाल, तुमची खुशाली कळवावी" असं लिहून दोन कागद फाडले. हा तिसरा. हा काही फाडत नाही.

वहिनीला फोन केला होता, तिने सांगितलं असेल. म्हणाली, "तुझ्या फोनवर तो यायचा नाही. लिहायचं तर पत्र लिही. पत्र वाचतो तो, सावकाश वाचतो, पण वाचतो." म्हणून बसले आहे. तीन वर्षांनी लिहायचं म्हणजे काय लिहायचं, तेच कळत नाही.

आई बरी आहे. गुडघा मात्र हट्टाला पेटलाय. जिना उतरताना एकेका पायरीला एकेका नातेवाइकाचा उद्धार करते. खालच्या पायरीपर्यंत आपल्या घराण्यात कोणी शिल्लक राहत नाही. मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं ते करून घेतलं. खोदाईच्या मशीनचा डावा पट्टा बदलला. तुझी मोठी पहार अजून शेडमध्ये कोपऱ्यात उभी आहे, कोणी वापरत नाही. कोणाला पेलतही नाही.

तू बागांचे बांध रचतोस असं कळलं. चांगलं आहे. तुझ्या हातचा दगड हलायचा नाही.

कामाचं सांगते. सायकल समितीने उत्तरेच्या डोंगरावर नवी वाट करायचं ठरवलं आहे. साडेचार किलोमीटर, वरून खाली, मधे एक चढ. सध्या मी एकटीच बघते आहे. डोंगर अवघड आहे. खालचा तिसरा हिस्सा भुसभुशीत मातीचा, उतार बेताचा. मधे कातळाची सलग पाठ आहे, घोड्याच्या पाठीसारखी. तिच्यावर मुरमाचा घसारा, पाय ठेवला की अर्धा डोंगर सोबत येतो. अगदी वर खिंडीशी सपाट माळ. तो तेवढा सोपा दिसतो, तिथून सरळ रेघ ओढावी म्हणते.

सोबत नकाशा पाठवते आहे. उतार मी मोजून लिहिले आहेत, माती जशी दिसली तशी. तुला वेळ झाला तर एवढंच सांग: मशीन कुठवर चढेल, हाताने किती खणावं लागेल, आणि दिवसाला किती मीटर धरू? मी उंटावरून शेळ्या हाकते असं तू म्हणायचास. ते काही खोटं नव्हतं.

जुन्या वाटेबद्दल इथे काही लिहीत नाही. झालं ते झालं. समितीने तेव्हा अंदाजपत्रकातल्या दगडांना कात्री लावली नसती तर पुढचं टळलं असतं. पण जाऊ दे, उगाच कशाला उकरायचं.

वहिनीला नमस्कार. तब्येत सांभाळ. कंबरेला पट्टा बांधूनच दगड उचलत जा.

तुझी धाकटी


२३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नकाशा परत आला. पाकिटात चिठ्ठी असेल म्हणून दोनदा उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. पण नकाशावर तुझी पेन्सिल होती, आणि ती बघितल्यावर मी बराच वेळ उभीच राहिले. शेडमध्येच. टपालवाला काहीतरी विचारून निघूनही गेला.

तू कातळाच्या पाठीवर गेलाच नाहीस. तिच्या बगलेने, त्या चिरेच्या खालच्या अरुंद टप्प्यावरून आडवी वाट काढलीस. तो टप्पा मी चार वेळा बघूनही मला दिसला नव्हता. तू तर डोंगर पाहिलेलाही नाहीस, माझ्या आकड्यांवरून ओळखलास. मातीच्या हिश्श्यावर "६०" लिहिलंस, बगलेला "२०", आणि जिथे घसारा टाळताच येत नाही तेवढ्यापुरता "६". म्हणजे एकाच डोंगरावर कुठे दिवसाला साठ मीटर आणि कुठे सहा. आणि वरच्या सपाट माळावरची माझी सरळ रेघ खोडून तिथे एकच शब्द लिहिलास. "पाणी."

मी मुद्दाम वर जाऊन बघितलं. आदल्या दिवशी थोडा पाऊस झाला होता. माळभर पाणी तुंबलेलं. ज्या जमिनीला उतारच नाही तिथून पाणी जाणार कुठे? हे तू मला किती वेळा शिकवलंस. उतार वैरी नाही, सपाटी वैरी आहे.

तुझीच रेघ धरून अंदाजपत्रक केलं आणि दिलं.

आता दुसरं. समितीने जागा बघायला त्यांच्या नव्या सभासद बाईंना माझ्यासोबत पाठवलं. शाळेत गणित शिकवतात. डाव्या पायाने थोड्या लंगडतात. मला वाटलं वयामुळे असेल. टप्प्यापर्यंत आल्या, मला हात धरू दिला नाही.

बाईंनी हजार प्रश्न विचारले. "इथे मीटरला एवढा दर आणि तिथे दहापट? सायकल तर दोन्हीकडून तीच जाणार."

मी म्हटलं, "सायकल तीच, पण तिच्याखालचा डोंगर एकच नाही. इथे उतारात अर्धी वाट कोरायची, माती खाली ढकलायची, बाहेरच्या अंगाला थोडा कल द्यायचा, झालं. मशीन दिवसभर पुढे सरकतं. त्या घसाऱ्यावर मशीन चढत नाही. माणसं चढतात. दगड खालून माणसांच्या पाठीवरून वर जातो. एक मीटर कोराल तर वरून दोन मीटर खाली येतं, मग आधी त्याला आधाराची भिंत."

"आणि वळसा घालून लांबून का? लांब म्हणजे महाग."

"उभी वाट पाण्याच्या रस्त्यातच पडते, बाई. डोंगराचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाट तीव्र झाली की पाणी तिच्यातून धावायला लागतं. पहिल्या वर्षी स्वस्त, तिसऱ्या वर्षी ओढा."

त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग वही मिटली आणि म्हणाल्या, "अगदी तुमच्या भावासारखं बोलता."

मी म्हटलं, "तुम्ही ओळखता त्याला?"

"जुन्या वाटेवर पडले ती मीच."

दादा, मला त्यांचा चेहरा माहीत नव्हता. तीन वर्षं मला एवढंच माहीत होतं की कोणी एक बाई पडली, खुब्याचं हाड मोडलं, अकरा आठवडे अंथरुणात. मी कधी बघायला गेले नाही. तू गेलास. बाई म्हणाल्या, तीन वेळा. पहिल्यांदा दाराशीच उभा होतास, बूट काढून हातात धरून, कारण त्यांना चिखल लागलेला. तू मला यातलं काहीच बोलला नाहीस. बोलणार तरी कधी, तोवर आपलं बोलणं संपलं होतं.

बाईंनी त्यानंतर मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आज लिहीत नाही. मी त्यांना काहीबाही सांगितलं, ऊन फार आहे, खाली उतरू या, असं काहीतरी.

अंदाजपत्रकात माझ्याकडून तेव्हा काही राहून गेलं होतं, दादा. त्या जुन्या. ते तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. पुढच्या पत्रात लिहीन. आज हात पुढे चालत नाही.

तुझी धाकटी


१५ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र वहिनीला वाचून दाखवायला सांग. तू मनातल्या मनात वाचून घडी घालून ठेवशील, मी ओळखते तुला. तिलाही कळायला हवं.

"राहून गेलं" असं मी मागच्या वेळी लिहिलं. काही राहून गेलं नव्हतं. मी काढलं होतं.

तुला तो दिवस आठवत असेलच. जुन्या डोंगराच्या झऱ्याखाली, जिथे नेचे माजले होते, तिथे तू सळई दाबलीस आणि ती लोण्यात जावी तशी गेली. खालची करडी माती काढून तू बोटांत वळलीस. तिची वळी झाली, वळीचं कडं झालं, कडं मोडलं नाही. माझ्या तळहातावर ठेवून म्हणालास, "बघ. ही माती नाही, साबण आहे. दोनशे चाळीस मीटर आहे हा पट्टा. एकतर वरून कातळातून वळसा, नाहीतर अख्ख्या पट्ट्यात दगड बसवायचे, उभे, दातासारखे. दोन महिने जास्त धर. दर चौपट धर. आणि समितीला सांग, परवडत नसेल तर वाट अर्धीच करा, पण हा पट्टा कच्चा करू नका."

मी ते सगळं लिहून घेतलं. स्वच्छ अक्षरात. आणि रविवारी टेबलाशी बसून दोनशे चाळीस मीटरपुढे "सर्वसाधारण माती" लिहिलं.

दुसरे एक जण काम मागत होते, त्यांचा आकडा आपल्यापेक्षा कमी येणार होता हे मला कळलं होतं. काम गेलं असतं तर मशीन विकावं लागलं असतं. हे कारण मी तीन वर्षं स्वतःला सांगितलं. पण खरं कारण तेवढंच नाही. त्या समितीत मला सगळे "मॅडम" म्हणायचे. तुला विचारून येते असं म्हणायची मला लाज वाटायची. सहावीत शाळा सोडलेला भाऊ सांगणार आणि मी लिहिणार, असं लोकांना वाटू नये म्हणून धडपडायचे. तुझी माती खोडताना मला वाटलं, एकदा तरी माझा आकडा असू दे.

आणि जागेची पाहणी कोणी केली, त्या रकान्यात तुझं नाव घातलं.

खोदाईच्या वेळी तू विचारलंस, "दगड कुठे आहेत?" मी म्हटलं, "समितीने कापले." तू त्यांना दोन शिव्या घातल्यास आणि कामाला लागलास. मग सहा रविवार तू एकटा वर जाऊन त्या पट्ट्यात चर खणत होतास, पदराला खार लावून. मी एकदा डबा घेऊन वर आले तर चिखलात गुडघ्यापर्यंत होतास. म्हणालास, "निदान पाणी तरी बाजूला जाईल." त्या वेळीसुद्धा मी सांगू शकले असते. डबा ठेवून खाली आले.

मग बाई पडल्या. मग ती बैठक.

बैठकीचं मी आजवर कोणाशी बोलले नाही, आज तुझ्याशीच बोलते. अध्यक्षांनी अंदाजपत्रक समोर ठेवलं आणि विचारलं, "ह्या पट्ट्यात दगड का बसवले नाहीत?" तू म्हणालास, "तुम्हीच कापलेत." ते म्हणाले, "आम्ही? आम्ही एक ओळसुद्धा कापलेली नाही. दगड मागितलेच कुठे आहेत? हे बघा. सर्वसाधारण माती. पाहणी तुमची." आणि कागद तुझ्याकडे सरकवला.

तू सावकाश वाचलास. ओळीखाली बोट धरून. मग माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. आपण लहान असताना मी, जत्रेत-बित्रेत नाही, साध्या बाजारात हरवले होते आणि सापडल्यावर तू जसं बघितलं होतंस, तसं बघितलंस. मी टोपण नसलेल्या पेनाचं टोपण शोधत बसले.

आणि तू म्हणालास, "पाहणी माझी. मला माती ओळखता आली नाही."

तीस वर्षं माती खणलेला माणूस पाच माणसांसमोर म्हणाला, मला माती ओळखता आली नाही. आणि मी मूग गिळून बसले. बैठकीचा वृत्तांत सही करायला माझ्यापुढे आला, तर मी सहीसुद्धा केली. घाईत नाही. नीट केली.

मग आपण गाडीतून परत निघालो. वळणावर म्हणालास, "इथेच थांबव." उतरलास आणि चालत गेलास. मी काच खाली करून हाकही मारली नाही. त्यानंतर तुला वाटांचं काम कोणी दिलं नाही, कोण देणार, आणि मी लोकांना सांगत राहिले की दादाला हल्ली झेपत नाही. खापर तुझ्या डोक्यावर फोडलं आणि वर हळहळले.

नव्या कामाच्या वेळी अध्यक्षांनी एकच अट घातली. "तुमचा भाऊ नको." मी म्हटलं, "बरं." एवढंच. बरं. आणि घरी येऊन तुलाच नकाशा पाठवला. त्या पत्रातसुद्धा समितीने कात्री लावली असं लिहिलं, तुला सगळं माहीत असताना. तू ते वाचलंस आणि तरी रेघ काढून पाठवलीस. ती मी माझ्या नावाने दिली.

आता बाईंचा प्रश्न. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या भावाने मला दवाखान्यात दीड तास समजावलं की मी का पडले. करडी माती, खालून पाणी, तिचं कडं कसं होतं, कागदावर चित्र काढून. ज्याला माती ओळखता आली नाही त्याला हे सगळं कसं माहीत? मी तीन वर्षं हे गणित मांडते आहे, मॅडम. माझं उत्तर येत नाही. तुमचं येतं का?"

तीन आठवडे मी त्यांना टाळलं. त्या मागे लागल्या नाहीत. मागे लागल्या असत्या तर मी आणखी एखादं खोटं तयार केलं असतं. गेल्या मंगळवारी समितीत कामाचा करार सहीला ठेवला होता. सगळे हसतमुख होते. अध्यक्ष म्हणाले, "ह्या वेळी पाहणी उत्तम झाली आहे. त्या टप्प्यावरून वाट काढायची कल्पना फारच छान." मी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

म्हटलं, "ती कल्पना माझ्या भावाची आहे. आणि मागच्या वेळची पाहणीही त्याचीच होती, आणि ती बरोबर होती. मी ती बदलली."

पुढचं मी कसं बोलले मला आठवत नाही. धड बोलले नाही. मधेच "म्हणजे", "तसं नाही" करत होते, कुठे कुठे अजूनही स्वतःला वाचवत होते. माझी जुनी वही सोबत नेली होती, तुझे शब्द लिहून घेतलेली. ती बाईंकडे सरकवली. त्यांनी वाचून अध्यक्षांना दिली. कोणी ओरडलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मी त्या माणसाला याच खोलीत बोललो होतो." आणि चष्मा काढून पुसत राहिले.

बाई मला म्हणाल्या, "उत्तर मिळालं. पण माझा पाय तुमच्या गणितात कुठे होता?" कुठेच नव्हता. दोनशे चाळीस मीटर होते, त्यात पाय नव्हता.

काम माझ्याकडून गेलं. पुढे त्यांचं दुसरं काही मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. जुना वृत्तांत दुरुस्त करून त्यात खरं लिहिणार आहेत, त्यावर मी सही करून आले. समितीचं तुला पत्र येईल. ती वाट तू करावीस, निदान देखरेख तरी, असं त्यांना वाटतं. पत्ता मीच दिला. ते उपकार म्हणून नाही, टप्पा तुलाच दिसला म्हणून. माझ्यावरच्या रागाने नाही म्हणू नकोस. तुला नकोच असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटचं, आईचं. घरी येऊन तिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. आधी वाटलं, ऐकू आलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं मी त्याला फोनवर बोलले, कामात लक्ष नाही, निष्काळजी आहेस, बाप असा नव्हता, ते..." आणि थांबली. मी म्हटलं, "हो." तिने ताट बाजूला सारलं. "आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस." मी पुन्हा हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. औषध कुठे, दार लाव.

काल तिने स्वतःच पिशवी भरली. रविवारच्या सकाळच्या बसने ती तुझ्याकडे येते आहे. अकराला पोचेल. तिला उतरवून घ्यायला जा, पायरी उंच असते. मी सोबत येते म्हटलं, तर म्हणाली, "तू नको. मला त्याची माफी मागायची आहे, तू मधे नको." किती दिवस राहणार विचारलं, तर म्हणाली, ते तो ठरवेल.

मी तिला बसमध्ये बसवून देईन आणि परत येईन. घरात मग मी एकटीच असेन. ते लिहिते आहे कीव यावी म्हणून नाही, अर्थात थोडी त्यासाठीही असेल, मला माझा भरवसा राहिलेला नाही.

उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल, आणि या पत्रात एकही खोटं ठेवायचं नाही असं ठरवून बसले होते. वाट बघेन, दादा. तू मात्र लिहायलाच हवं असं काही नाही.

त्या बैठकीत जिने बोलायला हवं होतं ती,
तुझी बहीण